अकरा-बारा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर दुपारचा डबा खाताना वाचत आले आणि प्रत्येक वेळी माझं म्हणणं एकच असायचं — आधी वायरिंग तपासा. शेंद्र्याला माझं युनिफॉर्म शिवायचं युनिट आहे. मागे एकदा तिथल्या बायकांत आवई उठली, की सहा नंबरचं मशीन जेवणाच्या सुट्टीत आपोआप चालतं. दोघींनी त्याच्यावर लिंबू ठेवलं. मी त्या लिंबाचं सरबत केलं, पेडल उघडलं, आत अडकलेला दोऱ्याचा गुंता काढला आणि विषय संपवला. मी अशी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं लिहिताना मला राग येणार आहे. दोन वर्षं झाली, तो उतरलेला नाही.

जानेवारीत आम्ही इटलीला गेलो होतो. ग्रुप टूर, सत्तावीस माणसं, सगळी छत्रपती संभाजीनगर आणि आसपासची. थंडीत टूर स्वस्त पडते, शिवाय गर्दी नसते. रोम, सिएना, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस — जुनी शहरं, चर्च, चौक, आणि दिवसाला दहा-बारा हजार पावलं. माझ्या नवऱ्याला युनिट सोडून येता येईना, म्हणून मी माझ्या मोठ्या बहिणीबरोबर आणि दाजींबरोबर गेले. अक्का त्रेसष्ट वर्षांची. पैठणजवळच्या खेड्यात तीस वर्षं अंगणवाडी चालवली. दाजी सरकारी नोकरीतून निवृत्त. माणूस वाईट नाही — हे मला दर वेळी म्हणावं लागतं, त्याचाही आता कंटाळा आलाय.

दाजींनी मुंबईच्या विमानतळावरच अक्काचा मोबाइल, पासपोर्ट आणि हॉटेलचं कार्ड स्वतःच्या बॅगेत ठेवून घेतलं होतं. का, तर तिला सांभाळता येणार नाही. चाळीस पोरांची हजेरी, वजनं, खिचडीचे तांदूळ तीस वर्षं सांभाळणाऱ्या बाईला एक मोबाइल सांभाळता येणार नव्हता. मी बोलले, तर अक्का म्हणाली, "असू दे गं. माझे हात मोकळे राहतेत."

आता मोजणीचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथं आहे. आमची टूर मॅनेजर केतकी, पस्तिशीची, हुशार मुलगी. तिनं प्रत्येकाला नंबर दिला होता. बसमध्ये बसलं, की एकापासून सुरुवात करायची आणि ज्यानं त्यानं आपला नंबर आपल्या तोंडानं म्हणायचा. साधी, चांगली पद्धत. दुसऱ्या दिवसापासून नवऱ्यांनी ती मोडीत काढली. आधी एक जण म्हणाला, "तीन-चार." मग सगळेच. "सात-आठ." "अकरा-बारा हजर." बायका शेजारी बसलेल्या, आणि त्यांचा नंबर नवरा म्हणतोय. केतकीनं एकदा टोकलं, तेव्हा मागचे एक वकीलसाहेब म्हणाले, "मॅडम, निम्म्या वेळात हजेरी होते, तुमचाच फायदा आहे." सगळे हसले. मीसुद्धा हसले असेन. मी तेरा नंबर, एकटी, त्यामुळे माझा नंबर मलाच म्हणावा लागायचा.

सिएनाला आम्ही सकाळी पोचलो. शून्याच्या जवळपास तापमान, ऊन होतं पण त्यात ऊब नव्हती. तिथला तो प्रसिद्ध चौक शिंपल्यासारखा उतरता आहे. विटांचा. अक्काला तो फार आवडला. शेणानं सारवलेल्या अंगणाचा उतार असाच असतो, म्हणजे पाणी आपोआप निघून जातं, असं ती मला दाखवत होती. बस गावाबाहेर उभी असते, चौकापासून पंधरा-वीस मिनिटं चालत. दुपारी तीनला चौकातल्या कारंज्यापाशी जमायचं आणि साडेतीनला बस सोडायची, असं ठरलं होतं.

माझा गुडघा दुखत होता, म्हणून केतकीनं मला आणि आणखी चौघांना अडीचलाच पुढे पाठवून दिलं. मी बसमध्ये जाऊन माझ्या जागेवर बसले. डावीकडची रांग, खिडकी. माझ्या पुढची खिडकी अक्काची, तिच्या शेजारी दाजी. सव्वातीनच्या सुमाराला बाकीची माणसं आली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. एका ऑर्डरचं कटिंग उलटं पडलं होतं, कापड वाया जायची वेळ आली होती. मी मान खाली घालून फोटो बघत, त्याला सूचना देत होते. मोजणी सुरू झाली. दाजींचा आवाज आला, "अकरा-बारा." मी फोनवर हात ठेवून "तेरा" म्हणाले. बस निघाली.

बसमध्ये हीटर चालू होता, काचांवर वाफ धरली होती. केतकी माइकवर फ्लॉरेन्सबद्दल सांगत होती. पुढून दाजींचा आवाज मी ऐकला — "पाणी घे." मग बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज. थोड्या वेळानं मी संत्रं सोललं. लहानपणापासून आमच्याकडे संत्रं म्हणजे अर्धं तिचं, अर्धं माझं. सीटची पाठ उंच, पलीकडचं काही दिसत नाही, पण सीट आणि काच यांच्यात वीतभर फट असते. मी अर्धं संत्रं त्या फटीशी धरलं आणि म्हणाले, "अक्का, घे."

हात आला. डावा हात, तळवा वर केलेला. मी त्यावर संत्रं ठेवलं. बोटं मिटली, हात गेला.

ती बाही मी ओळखते. अक्काचं जाकीट मीच शिवलेलं होतं. कोल्ड स्टोरेजच्या कामगारांसाठी बाटली हिरव्या रंगाची जाकिटं केली होती, त्यातलं उरलेलं कापड एकाच जाकिटाला पुरलं. मनगटाची हिरवी पट्टी संपली होती म्हणून डाव्या बाहीला मी राखाडी लावली. उजवी हिरवी, डावी राखाडी. असं जाकीट जगात एकच आहे. फटीतून जो हात आला, त्याच्या मनगटाला राखाडी पट्टी होती. त्यानंतर मी बोटं पुसून नवऱ्यानं पाठवलेला नवा फोटो उघडला. त्या मेसेजची वेळ माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. चार वाजून दोन मिनिटं.

सव्वाचारच्या आसपास बस एका पेट्रोलपंपावर थांबली, बाथरूमसाठी. मी उठले. पुढच्या सीटवर दाजी एकटेच.

"अक्का उतरली?"

"उतरली असेल पुढून," दाजी म्हणाले. त्यांचं नातवाशी व्हिडिओवर बोलणं चालू होतं.

मी खाली उतरून बायकांच्या बाथरूमबाहेर थांबले. दोनच दारं होती. दोन्हीतून आमच्याच ग्रुपमधल्या बायका बाहेर आल्या. अक्का नाही. दुकानात नाही. बसच्या मागे नाही. मग माझ्या डोक्यात आलं, की खिडकीकडून उतरायचं तर दाजींचे गुडघे ओलांडावे लागतात. मी परत वर जाऊन विचारलं, ती तुमच्या पुढून गेली तेव्हा काही बोलली का. ते म्हणाले, गेली तर नाही. आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात केतकी मोबाइल हातात धरून पळत आली. माइकवर बोलायचं म्हणून तिनं तो आवाज बंद करून पर्समध्ये ठेवला होता. सिएनाच्या एका नंबरवरून सात मिस्ड कॉल, पहिला तीन बेचाळीसचा. तिनं उलट फोन लावला. एका कॅफेतल्या बाईनं उचलला आणि लगेच दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला.

अक्का होती.

तिच्याकडे मोबाइल नव्हता, नंबर लिहिलेला कागद नव्हता, इंग्रजी येत नव्हतं. पण केतकी रोज सकाळी बसमध्ये आपला नंबर दोनदा सांगायची. बाकी सगळ्यांनी तो मोबाइलमध्ये घातला होता. अक्काकडे मोबाइलच नाही, म्हणून तिनं पाठ केला होता. कॅफेवालीला बोटांनी एकेक आकडा दाखवून तिनं फोन लावून घेतला.

दाजी म्हणाले, असं होऊच शकत नाही. ती माझ्या शेजारी होती. मी पाणी दिलं, तिनं घेतलं. सगळी बस त्यांच्याकडे बघत होती. वकीलसाहेब हसले. "हजेरी लावताना शेजारी तरी बघायचं होतं, राव. आता पाणी पाजलं म्हणता." दाजी माझ्याकडे वळले. मी काहीतरी बोलावं, असं त्यांना वाटत होतं. मी ऐकलं होतं ते 'पाणी घे'. मी संत्रं दिलं होतं.

मी गप्प बसले.

मला राग आला होता आणि त्या रागाला समोर एक माणूस हवा होता. तो खोटं बोलतोय, असं सगळ्यांना वाटत होतं, आणि मला ते वाटू द्यायचं होतं. मी वर म्हणालेसुद्धा, सगळ्यांदेखत, की दाजी, निदान आता तरी खरं बोला. हे मी आज पहिल्यांदा लिहून कबूल करतेय.

मग परत जायचं की नाही, यावर चर्चा झाली. हो, चर्चा. संध्याकाळी फ्लॉरेन्समध्ये नदीवरचा पूल बघायचा होता, तो बुडणार होता. कुणी म्हणालं, त्यांना टॅक्सीनं बोलावून घ्या. वकीलसाहेब म्हणाले, ज्यांना स्वतःला सांभाळता येत नाही, अशांना ग्रुपमध्ये आणायचं कशाला. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या मिसेसचा नंबर काय?" त्यांना आठवेना. सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या तोंडानं म्हणत होते ते 'एकोणीस-वीस', पण त्यातला बायकोचा कुठला, ते सांगता येईना. त्यांची बायको खिडकीबाहेर बघत होती. मी ड्रायव्हरपाशी जाऊन उभी राहिले आणि केतकीला म्हटलं, बस वळव, नाहीतर मी इथून हलत नाही. बस वळली.

परतीच्या वाटेवर मी अक्काच्या जागेकडे नीट बघितलं. सीट रिकामी. पुढच्या जाळीत पाण्याची बाटली, अर्धी रिकामी. आणि कागदी रुमालाची एक छोटी पुडी, चारी टोकं आत मुडपलेली. मी उघडली. आत संत्र्याच्या बिया, ओल्या. अक्का बिया अशाच बांधते. अंगणवाडीत पोरांना गोळ्या बांधून द्यायची, तशी पुडी. दाजींना जन्मात अशी पुडी बांधता आली नसती, त्यांना बुटाची नाडी धड बांधता येत नाही. मी ती पुडी मुठीत धरली आणि सिएनाला उतरल्यावर पहिल्या डब्यात टाकून दिली. तुम्ही विचाराल, फोटो का नाही काढला. नाही काढला. तेव्हा मला ती हातातून जायला हवी होती, एवढंच.

बस जिथं उभी होती, तिथल्याच कॅफेच्या दाराशी अक्का खुर्चीवर बसली होती. अंगात जाकीट, डोक्याला मफलर, मनगटाला राखाडी पट्टी. हातात गरम दुधाचा कप. दाजी पुढे झाले आणि पहिलं वाक्य बोलले, "कुठं गेली होतीस?"

अक्कानं कप खाली ठेवला. कॅफेवालीचे दोन्ही हात हातात घेतले, मराठीत म्हणाली, "येते बाई, लई केलंस." आणि चालायला लागली. वाटेत मला तिनं सांगितलं. तीन वाजता ती बाथरूमला गेली होती. जाताना दाजींना सांगून गेली, ते मोबाइलमध्ये बघत "हं" म्हणाले. बाहेर आली तर चौकात कुणी नाही. मग खुणेखुणेनं बसपर्यंत गेली. अक्का माळकरी. एका दुकानात डुकराच्या तंगड्या टांगलेल्या होत्या, ती खूण तिनं सकाळी तोंड फिरवताना लक्षात ठेवली होती. पण पोचायला उशीर झाला. एवढंच सांगितलं. बसमध्ये चढल्यावर काहींनी टाळ्या वाजवल्या. ती खिडकीशी बसली आणि फ्लॉरेन्स येईपर्यंत डोळे मिटून होती.

बाकीचं दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर. आम्ही तिघंच होतो. दाजी रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. त्यांनी परत तेच सांगितलं, या वेळी हळू आवाजात — की ती शेजारी होती, मफलर डोक्यावरून घेतलेला, बाहेर बघत बसलेली, पाणी दिलं तर घेतलं. मुलांची शपथ घेऊन सांगितलं. मला वाटलं अक्का भडकेल. ती पावाला जॅम लावत होती.

"मला माहितीये," ती म्हणाली. "मी बघितलीय तिला."

ती धावत बसपाशी पोचली तेव्हा बस निघतच होती. तिनं हात वर केला, हाक मारणार, तोच तिला खिडकी दिसली. तिची स्वतःची खिडकी. "तिथं बाई बसलेली. मफलर बांधलेला. मंग म्हटलं, ही गाडी आपली नाय. आपली असती तर माझी जागा रिकामी दिसली असती. म्हणून हाक बी मारली नाय. आपली गाडी यायची वाट बघत ऱ्हायले." तोंड दिसलं नव्हतं. काचेवर वाफ होती, शिवाय ती बाई दुसरीकडंच बघत होती.

म्हणजे अक्का मागे राहिली ती त्या बाईमुळे. नाहीतर तिनं हाक मारली असती, बस थांबली असती. हे मला त्या टेबलावर कळलं.

अक्कानं दाजींना विचारलं, "ती काय बोलली का तुमच्यासंगं?"

"नाही."

"तासभर?"

"नाही बोलली. तू तरी कुठं बोलतेस बसमध्ये."

"व्हय," अक्का म्हणाली. "मंग तुम्हाला कळायचं तरी कसं."

दाजींनी मान खाली घातली. मला त्या माणसाची दया आली, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. कालपासून तो एकटा खोटा ठरला होता आणि मी ते चालू दिलं होतं. मी अक्काला संत्र्याचं सांगितलं. हात, राखाडी पट्टी, बियांची पुडी, सगळं. दाजींचं 'पाणी घे' मी ऐकलं होतं, हेही. दाजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मला शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्यांनी दिली नाही.

अक्काचा पाव हातातच राहिला. नवऱ्याचं ऐकताना ती खात होती. माझं ऐकताना थांबली.

"तू बी, नंदे?" ती म्हणाली.

बस. त्यावर तिनं मला एक शब्द विचारला नाही. त्याच दिवशी दाजींच्या बॅगेतून तिनं आपला मोबाइल आणि पासपोर्ट काढून घेतला. तेव्हापासून बसमध्ये दाजी "अकरा" म्हणून थांबायचे आणि अक्का सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं "बारा" म्हणायची. व्हेनिसपर्यंत आणखी चार बायका स्वतःचा नंबर म्हणायला लागल्या. वकीलसाहेबांची बायको त्यात पहिली.

परत आल्यावर मी माझ्या पद्धतीनं शोधायचा प्रयत्न केला. केतकीकडून बसच्या कॅमेऱ्याचं विचारून घेतलं, आतल्या बाजूला कॅमेरा नव्हता. पलीकडच्या रांगेतल्या एका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुमच्या अक्का बसल्या होत्या की, डुलकी लागली होती त्यांना. म्हणजे आणखी एक साक्षीदार, आणि तिनंही चेहरा बघितलेला नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, थकव्यानं भास होतो. होत असेल. पण भासाला संत्रं उचलता येत नाही, आणि बिया बांधून ठेवता येत नाहीत. वायरिंग मी सगळं तपासलं. मला काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर लिहा, फक्त मला पितर, अतृप्त आत्मा असलं काही सांगू नका. जी कुणी होती, तिनं आमचं काही बिघडवलं नाही. पाणी प्यायली, अर्धं संत्रं खाल्लं, कचरा नीट बांधून ठेवला आणि गेली.

अक्का अजून दर रविवारी सकाळी फोन करते. पाऊसपाणी, सुना, नातवंडं, सगळं बोलते. मी एकीकडे कटिंगचे कागद बघत "हं, हं" करत असते. आणि मग मध्येच ती थांबते आणि अगदी शांतपणे विचारते, "नंदे, कोण बोलतंय गं?"

पहिल्यांदा मी हसले होते. आता हातातले कागद खाली ठेवते आणि 'अक्का, मीच आहे गं' असं उत्तर देते.